मुलाच्या जबड्यातील गाठ : कर्करोग नाही, म्हणजे नेमके काय?

बायोप्सीचा अहवाल अमेरिकेत हल्ली पुष्कळदा डॉक्टरांच्या फोनच्या आधी घरी पोहोचतो. २०१६ मध्ये संमत झालेल्या ‘ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी क्युअर्स ॲक्ट’ या कायद्याखालील नियम एप्रिल २०२१ पासून लागू झाले. तपासण्यांचे निकाल रुग्णापासून विनाकारण अडवून ठेवण्यास तेव्हापासून मज्जाव आहे. रुग्णाच्या हक्काच्या दृष्टीने ही सुधारणा स्वागतार्ह आहेच. पण रात्री साडेदहा वाजता पोर्टलवर आपल्या आठ वर्षांच्या मुलीच्या खालच्या जबड्याविषयी ‘जायंट सेल’, ‘अग्रेसिव्ह’ हे शब्द वाचणाऱ्या आईवडिलांना ती सुधारणा त्या क्षणी शिक्षेसारखी वाटू शकते. सर्जनची भेट तीन दिवसांनी असते. भारतात सकाळ झालेली असते. मग फोन तिकडे जातो.

तिकडून जी प्रतिक्रिया येते तिलाही एक इतिहास आहे. महाराष्ट्रात जबड्याची गाठ म्हटली की डोळ्यांसमोर तंबाखू, गुटखा आणि टाटा हॉस्पिटल उभे राहते. आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांनी ही गाठ एकाच रूपात पाहिलेली असते. मुलांचा जबडा हा मात्र निराळा प्रदेश आहे. तेथे आढळणाऱ्या बहुसंख्य गाठी कर्करोगाच्या नसतात. त्या शरीरात इतरत्र पसरत नाहीत आणि बहुधा जिवावर बेतत नाहीत. एवढे समजल्यावर घरात सुटकेचा निःश्वास टाकला जातो, आणि नेमकी तेथेच दुसरी चूक होण्याची शक्यता असते. ‘सौम्य’ हे विशेषण गाठ काय करणार नाही एवढेच सांगते. ती काय करील, हे सांगत नाही. हाड पोखरणे, कायमचे दात उगवण्याआधीच बाजूला ढकलणे, मुळे झिजवणे, चेहऱ्याचा समतोल बिघडवणे आणि काढल्यावर पुन्हा उगवणे, हे सारे सौम्य गाठींना करता येते.

जुलै २०१४ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील एक शस्त्रक्रिया जगभरच्या वृत्तपत्रांत झळकली होती. बुलढाणा जिल्ह्यातील १७ वर्षांच्या एका मुलाच्या उजव्या जबड्यातून डॉक्टरांनी तब्बल २३२ दात काढले. शस्त्रक्रिया सुमारे सात तास चालली. आत दडलेला कठीण गोळा साध्या अवजारांना दाद देईना, तेव्हा छिन्नी-हातोडी वापरावी लागली, आणि मग मोत्यांसारखे लहान लहान दात एकामागून एक बाहेर येऊ लागले. बातमीदारांना (मी त्याच व्यवसायातला, म्हणून कबूल करतो) २३२ हा आकडा पुरेसा होता. माझ्या मते बातमी दुसरीकडे होती. तो मुलगा सुमारे दीड वर्ष सूज घेऊन हिंडत होता, गावाकडच्या डॉक्टरांना तिचे कारण उमगले नव्हते, आणि हा कर्करोग तर नसेल या भीतीने वडिलांनी त्याला मुंबईला आणले होते. निदान निघाले ओडोंटोमाचे, म्हणजे दात घडविणाऱ्या उतींची वाट चुकल्याने झालेल्या गाठीचे. जबड्याच्या हाडाचा आकार राखता आला आणि मुलाच्या तोंडात २८ दात उरले. पाच वर्षांनी चेन्नईच्या सविता दंत महाविद्यालयात सात वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून अशाच गाठीतील ५२६ दात निघाले. त्याची सूज तो तीन वर्षांचा असल्यापासून दिसत होती.

ओडोंटोमा ही या कुळातील सर्वांत समंजस गाठ म्हणावी लागेल. ती सावकाश वाढते, नीट काढली की सहसा परत येत नाही. तिच्या शेजारी उभ्या असलेल्या गाठी इतक्या सरळ नाहीत.

जबड्यातच इतक्या परींच्या गाठी का, याचे उत्तर दातांत आहे. शरीरातील अन्य कोणत्याही हाडाच्या पोटात दुसरा अवयव घडत नाही. मुलाच्या जबड्यात दुधाच्या दातांची मुळे विरघळत असतात, त्यांच्याखाली कायमचे दात आकार घेत असतात, हाड सतत मोडून नव्याने रचले जात असते. एवढ्या लगबगीच्या कारखान्यात काही पेशींना चुकीची आज्ञा मिळणे अशक्य नाही. दात घडविणाऱ्या पेशींतून ओडोंटोमा, अमेलोब्लास्टोमा अशा गाठी आणि केराटोसिस्टसारख्या पाणगाठी उद्भवतात. हाडातून जायंट सेल ग्रॅन्युलोमा, फायब्रस डिस्प्लेझिया, ऑसिफाइंग फायब्रोमा. एक्स-रेवर यांतील निम्म्याहून अधिक गाठी एकमेकींच्या जुळ्या बहिणी वाटाव्यात अशा दिसतात: हाडात एक काळसर पोकळी, कडेला सरकलेला एखादा दात.

अमेरिकेत त्यांचा सुगावा बरेचदा योगायोगाने लागतो. मुलाला सातव्या वर्षाच्या सुमारास ऑर्थोडॉन्टिस्टला एकदा दाखवावे, अशी येथील ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेची शिफारस आहे. त्या भेटीत संपूर्ण जबड्याचा जो एक लांबट एक्स-रे काढला जातो, त्यात अशी पोकळी दिसून येते. एरवी खुणा अगदी साध्या असतात. एका बाजूचा गाल किंचित भरलेला, एकच दात वेळ उलटूनही न आलेला, दुसरा कारण नसताना हलणारा. दुखणे बहुतेक वेळा नसतेच, आणि म्हणूनच उशीर होतो. शाळेच्या छायाचित्रांत वर्षागणिक चेहरा एका अंगाला कलताना दिसत असेल, तर ती छायाचित्रे सर्जनला जरूर दाखवावीत. गाठ किती वेगाने वाढली, याचा तोच एक पुरावा असू शकतो.

यापुढची पायरी म्हणजे सीटी स्कॅन आणि बायोप्सी. परंतु बायोप्सीच्या आधी दोन गोष्टी झाल्या पाहिजेत. पहिली, पोकळीत सुई घालून आतील द्रव पाहणे. आत रक्तवाहिन्यांचे जाळे असेल आणि ते न ओळखता दंतवैद्याच्या खुर्चीतच उघडले, तर रक्तस्राव आवरणे कठीण होते. दुसरी, रक्ताची साधी तपासणी. गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा अधिक संप्रेरक सोडू लागल्या तर हाडांतून कॅल्शियम ओढले जाते आणि जबड्यात अशी गाठ तयार होते, की सूक्ष्मदर्शकाखाली ती जायंट सेल ग्रॅन्युलोमाहून वेगळी ओळखता येत नाही. रक्तातील कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड संप्रेरक मोजले नाही, तर रोग गळ्यात राहतो आणि कापाकापी जबड्यात होते. ही तपासणी झाली आहे का, हे आईवडिलांनी निःसंकोच विचारावे.

कधी गाठ ही एखाद्या मोठ्या कहाणीचे पहिले पान असते. एका लहान मुलाच्या जबड्यात एकाहून अधिक केराटोसिस्ट सापडल्या, तर डॉक्टर गॉर्लिन सिंड्रोमचा विचार करतात. रॉबर्ट गॉर्लिन आणि रॉबर्ट गोल्ट्झ यांनी १९६० मध्ये त्याचे वर्णन केले. पुढे १९९६ मध्ये त्यामागचे जनुक सापडले. अशा मुलाला आयुष्यभर त्वचेच्या कर्करोगाची जोखीम असते आणि किरणोपचारांपासून त्याला शक्य तितके दूर ठेवावे लागते. अनेक जागी जायंट सेल गाठी असतील तर नूनन सिंड्रोमची चाचणी सुचविली जाते. आनुवंशिक चाचणीचे नाव निघाले की आपल्याकडे ‘आमच्या घरात असे कोणाला नव्हते’ हे वाक्य येते. यांतील कित्येक जनुकीय बदल त्या मुलापासूनच सुरू होतात. घराण्यात शोधून ते सापडायचे नाहीत.

नेमक्या नावावर किती अवलंबून असते, हे जायंट सेल गाठीच्या इतिहासाइतके स्पष्ट दुसरे काही दाखवीत नाही. १९५३ मध्ये न्यूयॉर्कचे हेन्री जॅफी यांनी जबड्यातील ही गाठ हात-पायांच्या लांब हाडांतील जायंट सेल ट्यूमरपासून वेगळी काढली. ती इजेनंतर हाडाने स्वतःला दुरुस्त करण्याचा प्रयत्न असावा, असे त्यांना वाटले. नाव टिकले, पण काही गाठी दुरुस्तीच्या कल्पनेत बसेनात. त्या झपाट्याने वाढत, हाडाचे कवच भेदत आणि खरवडून काढल्यावर काही महिन्यांत परत येत. १९८६ मध्ये बॉस्टनमध्ये लिओनार्ड कॅबन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गाठींचे दोन वर्ग केले: शांत आणि आक्रमक. गाठीचा आकार, वाढीचा वेग, वेदना, दातांची सरकलेली जागा, झिजलेली मुळे, फुटलेले कवच आणि पुनरागमन या खुणांवरून हा निर्णय करायचा. पोर्टलवर आईवडिलांना घाबरवणारा ‘अग्रेसिव्ह’ हा शब्द याच वर्गीकरणातून आलेला असतो. त्याचा अर्थ कर्करोग असा होत नाही. नुसते खरवडून भागण्याची शक्यता कमी आहे, इतकाच त्याचा अर्थ.

मग काय करायचे? पूर्वीचे उत्तर होते, गाठीसह जबड्याचा तुकडा कापून काढणे. प्रौढाच्या बाबतीत ते समजण्यासारखे आहे. पाच वर्षांच्या मुलाच्या बाबतीत त्या तुकड्याबरोबर न आलेले दात जातात, ओठाला संवेदना देणारी नस जाऊ शकते, आणि वाढीची पुढची दहा-बारा वर्षे अर्ध्या जबड्यानिशी काढावी लागतात.

१९९९ साली ‘पेडिॲट्रिक्स’ या नियतकालिकात एका पाच वर्षांच्या मुलीची हकिकत प्रसिद्ध झाली. खालच्या जबड्यात मोठी, वेगाने वाढणारी जायंट सेल गाठ. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर दोन महिन्यांत ती परतली; दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर चार महिन्यांत. कॅबन यांच्यासोबत या वेळी जुडा फोकमन होते. बॉस्टनच्या बालरुग्णालयातील या सर्जनने १९७१ मध्येच असे मांडले होते, की कोणतीही गाठ वाढायची तर तिला नव्या रक्तवाहिन्या ओढून घ्याव्या लागतात. त्या तोडल्या तर गाठ उपाशी मरेल. या कल्पनेकडे बरीच वर्षे फारसे कोणी गंभीरपणे पाहिले नव्हते. मुलीच्या लघवीत रक्तवाहिन्या वाढविणाऱ्या एका प्रथिनाचे प्रमाण भलतेच जास्त आढळले. तान्ह्या मुलांच्या रक्तवाहिन्यांच्या धोकादायक गाठींवर इंटरफेरॉन अल्फा हे औषध काम करते, हे याच मंडळींनी आधी दाखवले होते. तिसऱ्यांदा कापण्याऐवजी त्यांनी तेच औषध वर्षभर दिले. गाठ आक्रसत गेली आणि नाहीशी झाली. लघवीतील प्रथिन पूर्वपदावर आले. आणि ज्या जागी पोकळी होती, तेथे जबड्याचे हाड नव्याने भरून आले. अहवाल लिहिला गेला तेव्हा औषध थांबून तीन वर्षे झाली होती आणि गाठ परतली नव्हती.

एका मुलीवरून उपचारपद्धती ठरत नाही, हे लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होते. पण त्यातून एक मध्यम मार्ग निघाला: दात आणि नस राखून गाठ खरवडून काढायची आणि उरलेल्या पेशींसाठी औषध द्यायचे. २००२ मध्ये कॅबन यांनी या पद्धतीने उपचार केलेल्या आणखी रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध केले. इंटरफेरॉन काही गोड औषध नव्हे. रोजची सुई, ताप, अंगदुखी आणि थकवा मुलाला सोसावे लागतात. अगदी तान्ह्या बाळांत मज्जासंस्थेला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. लंडनमध्ये १९९३ मध्ये कॅल्सिटोनिन या संप्रेरकाने गाठी मावळल्याचे दाखवले गेले. काही सर्जन गाठीतच स्टेरॉइडची इंजेक्शने देतात. अलीकडे डेनोसुमॅबचे नाव अधिक ऐकू येते. लांब हाडांतील जायंट सेल ट्यूमरसाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०१३ मध्ये त्याला मान्यता दिली; परंतु ती प्रौढांसाठी आणि ज्यांच्या हाडांची वाढ पूर्ण झाली आहे अशा किशोरांसाठी. वाढत्या मुलात ते वापरले जाते तेव्हा ते त्या मान्यतेच्या बाहेर असते. खरी अडचण औषध थांबवल्यानंतर उद्भवू शकते. दाबून ठेवलेली हाडझीज काही महिन्यांनी उसळते आणि रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीवर चढते. मुलाला उलट्या, मलूलपणा, बद्धकोष्ठता सुरू झाली आणि घरच्यांनी पोट बिघडले समजून दुर्लक्ष केले, असे होऊ नये. औषध बंद झाल्यावरही रक्ततपासण्या सुरूच ठेवाव्या लागतात.

काही गाठींना हात न लावणे हाच उपचार असतो, आणि आपल्यासारख्या ‘लवकर काढून टाका’ म्हणणाऱ्या समाजाला तो पचायला सर्वांत जड जातो. चेरुबिझमचे उदाहरण घ्यावे. १९३३ मध्ये कॅनडातील डब्ल्यू. ए. जोन्स यांनी एकाच कुटुंबातील भावंडांत तो पाहिला. दोन ते सात वर्षांच्या दरम्यान दोन्ही बाजूंचे गाल फुगतात, डोळे वर लागल्यासारखे दिसतात; चित्रांतील देवदूतांच्या गोबऱ्या चेहऱ्यांवरून हे नाव आले. २००१ मध्ये त्यामागचे जनुक सापडले. वयात आल्यानंतर ही वाढ बहुतेकांत थांबते आणि हळूहळू ओसरते. डोळा, श्वास किंवा चावणे यांवर परिणाम होत नसेल तर पुष्कळ सर्जन वाट पाहतात. सूक्ष्मदर्शकाखाली हीही गाठ जायंट सेलसारखीच दिसते. केवळ एका स्लाइडवर भरवसा ठेवला, तर जे आपोआप मावळणार होते ते कापले जाईल.

फायब्रस डिस्प्लेझियात हाडाच्या जागी तंतुमय, कच्चे हाड साचते. स्कॅनवर ते घासलेल्या काचेसारखे धूसर दिसते. १९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधकांनी अशाच विकाराचा एक प्रकार असलेल्या मॅक्क्यून-अल्ब्राइट सिंड्रोममागचा जनुकीय बदल दाखवला. तो गर्भधारणेनंतर गर्भातील एखाद्या पेशीत घडतो. आईवडिलांकडून तो येत नाही, गरोदरपणात काय खाल्ले याच्याशी त्याचा संबंध नाही. याच संस्थेत मेरीलँडच्या बेथेस्डा येथे १९९८ पासून या रुग्णांचा दीर्घकालीन अभ्यास चालू आहे, आणि तेथील क्लिनिकल सेंटरमध्ये अभ्यासात घेतलेल्या रुग्णांना उपचारांचे बिल लावले जात नाही. एकेकाळी या रोगावर किरणोपचार दिले जात. त्यातून पुढे खरोखरच कर्करोग उद्भवल्याची उदाहरणे दिसल्याने ते टाळले जातात. सौम्य गाठीवर घाईने केलेला कडक उपचार किती महाग पडू शकतो, याचा हा जुना दाखला आहे.

याउलट अमेलोब्लास्टोमा. सावकाश वाढणारी, न दुखणारी आणि अर्धवट काढली तर अनेक वर्षांनीही परतणारी. मुलांत तिचा एकच पोकळी असलेला प्रकार अधिक आढळतो. तो आधी नळी घालून आक्रसू द्यावा व मग काढावा, हा पर्याय काही वेळा उपलब्ध असतो. तो नसेल तर जबड्याचा भाग काढावा लागतो. त्याची भरपाई पायातील नडगीशेजारच्या बारीक हाडाने, त्याच्या रक्तवाहिन्यांसकट करण्याची रीत न्यूयॉर्कच्या डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये मांडली. जेथे कापण्यावाचून उपाय नाही तेथे आज तीच आधार आहे. मुलाचा चेहरा वाढत असतो, बसवलेले हाड त्याच गतीने वाढेलच असे नाही, आणि दंतरोपणासाठी वाढ पूर्ण होईपर्यंत थांबावे लागते. २०१४ मध्ये स्टॅनफर्डसह अनेक ठिकाणच्या संशोधकांना या गाठींपैकी बऱ्याच गाठींत बीआरएएफ जनुकातील एक विशिष्ट बदल सापडला. तोच बदल असलेल्या, शस्त्रक्रियेने काढता न येणाऱ्या किंवा पसरलेल्या गाठींसाठी जून २०२२ मध्ये दोन गोळ्यांच्या जोडीला सहा वर्षांवरील मुलांसह मान्यता मिळाली. सहज काढता येणारी गाठ या मान्यतेत बसत नाही, तरीही बायोप्सीच्या तुकड्यावर ही चाचणी करून ठेवण्यास हरकत नसावी.

आता विम्याविषयी, कारण या देशात त्याशिवाय कोणताही वैद्यकीय लेख अपुरा राहतो. जबडा तोंडात आहे म्हणून गाठीचे प्रकरण दातांच्या विम्याकडे ढकलले जाते. दातांच्या विम्याची वार्षिक मर्यादा पहिल्या स्कॅनलाच संपू शकते. गाठ काढणे आणि हाड पुन्हा उभे करणे ही वैद्यकीय विम्याची बाब आहे, आणि सर्जनच्या कार्यालयाने पूर्वमंजुरीचा अर्ज तसाच भरला पाहिजे. पुढे रोपित दात बसवायची वेळ आली की ‘हे दंतवैद्यकीय आहे’ म्हणून नकार येणे नवलाचे नाही. तेव्हा हे दात गाठीच्या उपचाराचाच भाग कसे आहेत हे सांगणारे वैद्यकीय गरजेचे पत्र सर्जनकडून मागावे. कंपनीकडे केलेले अपील फेटाळले गेले, तर बहुतेक विमा योजनांत त्रयस्थ तज्ज्ञाकडून फेरतपासणी मागण्याचा हक्क कायद्याने आहे. माझ्या पाहण्यात तरी आपली मंडळी पहिल्या नकारालाच अंतिम निकाल समजून खिशाला हात घालतात.

दुसरे मत घ्यायचे झाल्यास ते आधी स्लाइडवर घ्यावे. तोंडाच्या व जबड्याच्या विकारांचे स्वतंत्र पॅथॉलॉजिस्ट असतात. सर्वसाधारण प्रयोगशाळेचा अहवाल आला असेल तर स्लाइड त्यांच्याकडे पाठविण्याची विनंती करता येते आणि मूल कोठेही न नेता ती तपासली जाते. मुंबई-पुण्यातील ओळखीच्या डॉक्टरांना विचारायचे तर फोनवर टिपलेला एक्स-रे पाठवून त्यांना अडचणीत टाकू नये. मूळ स्कॅन, अहवाल आणि शक्य तर स्लाइड पाठवाव्यात.

आपल्यातील अनेक कुटुंबे नोकरीपायी दर चार-पाच वर्षांनी राज्य बदलतात, आणि या गाठींवर मात्र कित्येक वर्षे नजर ठेवावी लागते. नव्या शहरातील सर्जनपुढे मूल बसते तेव्हा जुना स्कॅन सोबत नसेल, तर जबड्यातील धूसर ठिपका नव्याने उगवला आहे की पहिल्या शस्त्रक्रियेचा व्रण आहे, हे त्यांना सांगता येत नाही आणि कधी कधी केवळ त्यासाठी पुन्हा भूल देऊन तुकडा काढावा लागतो. म्हणून सामान बांधण्यापूर्वी रुग्णालयाच्या नोंदी विभागातून स्कॅनची मूळ प्रत, शस्त्रक्रियेचा अहवाल आणि बायोप्सीचा क्रमांक मागून घ्यावा. तो क्रमांक हाती असला की कोणत्या प्रयोगशाळेकडून तुकडा मागवायचा, हे नव्या डॉक्टरांना एका फोनवर कळते.